'सातारा' चालतं, 'पुणे' अडतं: पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग कोणतं द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: सभासदांची मराठी नावं आणि गावं असलेली एक सीएसव्ही फाइल आहे. मित्राच्या उबंटू लिनक्सवर पायथनचा प्रोग्रॅम ती मुकाट्याने वाचतो. तोच प्रोग्रॅम विंडोजच्या लॅपटॉपवर 'चारमॅप कोडेक'ची तक्रार करून आपटतो. गंमत म्हणजे चार ओळींच्या नमुना फाइलीवर तो आपटत नाही, नुसता अक्षरांचा कचरा दाखवतो. कोणी सांगितलं लॅटिन-१ द्या, कोणी सांगितलं 'एरर्स'ला (न उलगडणाऱ्या बाइटचं काय करायचं, हे सांगणाऱ्या पर्यायाला) 'इग्नोर' द्या. मग द्यायचं काय?

यातलं काहीच नको. 'ओपन'मध्ये 'एन्कोडिंग' म्हणून 'यूटीएफ-८' लिहा. फाइल एक्सेलमधून फिरून आली असेल तर 'यूटीएफ-८-सिग' लिहा. 'एरर्स'ला हात लावू नका. (कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.) बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, आणि ज्यांना नमुना फाइल का चालली हे कोडं सोडवायचंय, त्यांच्यासाठी पुढचं.

डिस्कवर अक्षर नावाची वस्तू नसते, ० ते २५५ मधले आकडे असतात. असा एकेक आकडा म्हणजे बाइट, आणि कोणत्या अक्षराला कोणते बाइट हा ठराव म्हणजे एन्कोडिंग. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही प्रत्येकी तीन. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट. त्यातला 'म' असा दिसतो: २२४, १६४, १७४. हे तीन आकडे मिळून 'म' होतो, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं. फाइलीवर तशी चिठ्ठी कुठेच लावलेली नसते.

तुम्ही 'एन्कोडिंग' न देता फाइल उघडली की पायथन यंत्राला विचारतो, तुमच्याकडे काय चालतं? उबंटू म्हणतं यूटीएफ-८. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर विंडोज साधारणपणे 'इंग्लिश (इंडिया)' या सेटिंगचं असतं, आणि ते म्हणतं सीपी-१२५२. ही पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेली एका बाइटला एक अक्षर अशी जुनी कोडपेज. तिच्या हिशेबात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, १६४ म्हणजे चार किरण फुटलेलं छोटं वर्तुळ, १७४ म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कचं चिन्ह. एका 'म'ची तीन चिन्हं झाली. पडद्यावर तिरक्या रेघेचा ए आणि किरणांचं वर्तुळ अशी जोडी पुन्हापुन्हा दिसली, की समजायचं की देवनागरी यूटीएफ-८ कोणीतरी सीपी-१२५२ म्हणून वाचलंय. मला ती जोडी आता लांबूनही ओळखू येते.

मग कधी कचरा आणि कधी आपटणं, हे कशामुळे? सीपी-१२५२ मध्ये पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. यातला एखादा बाइट आला की पायथनकडे त्यासाठी अक्षरच नसतं, म्हणून तो थांबतो. आता मराठीकडे बघा. हलन्ताचे बाइट २२४, १६५, १४१. ऱ्हस्व उकाराचे २२४, १६५, १२९. 'ए'चा शेवटचा बाइट १४३, 'ऐ'चा १४४, 'झ'चा १५७. म्हणजे ज्या शब्दात जोडाक्षर आहे, ऱ्हस्व उकार आहे, किंवा ए, ऐ, झ आहे, तो शब्द विंडोजवर प्रोग्रॅम पाडतो. यातलं काहीच नसेल तर तो गुपचूप कचरा होऊन आत येतो. सातारा, नागपूर, ठाणे, सोलापूर आत येतात. पुणे, मुंबई, कोल्हापूर, रत्नागिरी अडतात. तुमच्या नमुना फाइलीत बहुधा पहिल्या गटातलीच गावं होती. एररमध्ये जे '८डी' किंवा '८१' दिसतं, ते म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेले १४१ आणि १२९, हाच हलन्त आणि हाच उकार.

खरं सांगायचं तर पुणे अडलं हे नशीब. सातारा धोकादायक, कारण तो न बोलता डेटाबेसपर्यंत जाऊन बसतो.

एररच्या ओळीवरून फाइलीतली ओळ शोधत बसू नका, हेही इथेच सांगून ठेवतो. पायथन मजकूर ८१९२ बाइटच्या घासांनी वाचतो आणि एक घास एकदम उलगडतो. त्यामुळे 'पुणे' साठाव्या ओळीत असलं तरी प्रोग्रॅम पहिलीच ओळ मागताना पडतो. एररमधला 'पोझिशन'चा आकडाही त्या घासातला असतो, फाइलीच्या सुरुवातीपासूनचा असेलच असं नाही. मोठ्या फाइलीत यावरून लोक तासन् तास चुकीची ओळ तपासत बसलेले पाहिलेत.

लॅटिन-१ दिल्यावर एरर जातो, हे खरं आहे. त्यात २५६ च्या २५६ घरं भरलेली आहेत, त्यामुळे ते कधीच पडू शकत नाही. तुम्ही त्याला फोटोची फाइल दिलीत तरी ते मजकूर म्हणून वाचून देईल. एरर गेला याचा अर्थ वाचन बरोबर झालं असा होत नाही. यूटीएफ-८ चं उलट आहे. त्याची रचना इतकी काटेकोर आहे की दुसऱ्याच एन्कोडिंगमधला मजकूर त्याच्या चाळणीतून चुकून निसटणं फार अवघड. म्हणून एन्कोडिंग ठाऊक नसेल तेव्हा आधी यूटीएफ-८ कडकपणे लावून बघायचं, बाकीचे अंदाज नंतर.

कचरा झालेला मजकूर परत मिळतो का? बरेचदा मिळतो. ज्या चुकीच्या एन्कोडिंगने वाचला त्यानेच त्याचे बाइट करायचे आणि ते यूटीएफ-८ म्हणून उलगडायचे: आधी 'एन्कोड' सीपी-१२५२ ने, मग 'डीकोड' यूटीएफ-८ ने. अट एकच, मधे कोणी मजकुराला हात लावलेला नसावा. 'ठ'चा तिसरा बाइट १६०, आणि सीपी-१२५२ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. पायथनचं कडेच्या जागा कापणारं 'स्ट्रिप' आणि जागेवर तुकडे करणारं 'स्प्लिट' तिलाही जागाच समजतं. कचरा झालेलं 'पैठण' 'स्प्लिट'मधून गेलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि 'ठ' कायमचा जातो. 'मठ' शेवटी कापला जातो. नावं 'स्ट्रिप' करणं ही आपल्या सगळ्यांची सवय, त्यामुळे डेटाबेसमधला जुना कचरा दुरुस्त करताना ठ असलेली नावं वेगळी काढून हाताने तपासा.

आता एक्सेल. सीएसव्हीवर डबल क्लिक केल्यावर तिच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असले, तर एक्सेल ती यूटीएफ-८ मानतं. नसले तर यंत्राची कोडपेज धरतं आणि पुन्हा तोच तिरका ए. या तीन बाइटांना बॉम म्हणतात. 'यूटीएफ-८-सिग' लिहिताना बॉम घालतं, वाचताना असेल तर काढून टाकतं आणि नसेल तरी कुरकुर करत नाही. त्यामुळे वाचायला ते कायम सुरक्षित. लिहिताना मात्र फाइल एक्सेलमध्येच उघडली जाणार असेल तरच वापरा. जेसन या डेटाच्या मजकुरी प्रकारातल्या फाइलीत बॉम घातलात तर पायथनचंच जेसन मॉड्यूल तो मजकूर नाकारतं.

आणि बॉम असलेली फाइल साध्या यूटीएफ-८ ने वाचलीत तर? मग पहिल्या स्तंभाच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटतं. तुम्ही 'नाव' स्तंभ मागता, पायथन म्हणतो असा स्तंभ नाही. तुम्ही शीर्षकं एकेक करून छापता, तिथे ढळढळीत 'नाव' दिसतं. माणूस वैतागून लॅपटॉप बंद करतो. अशा वेळी शीर्षकांची अख्खी यादी न दिसणारी चिन्हंही दाखवणाऱ्या 'रेप्र'ने छापा, चोर लगेच सापडतो. पांडाज ही तक्त्यांसाठीची लायब्ररी वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. त्याचं ठरलेलं एन्कोडिंग सगळीकडे यूटीएफ-८ आहे आणि बॉम ते स्वतःच गिळतं.

एक्सेलमधून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा पर्याय निवडायला सांगा. नुसतं 'सीएसव्ही' निवडलं तर ते यंत्राच्या कोडपेजमध्ये लिहितं, आणि तिथे मराठीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. ते खरंखुरं प्रश्नचिन्ह असतं, बाइट ६३. पाठवणाऱ्याने फाइल तशी पाठवली असेल तर जगातलं कुठलंही एन्कोडिंग देऊन नावं परत येणार नाहीत. मूळ एक्सेल फाइल मागवायची. 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून जे मिळतं ते यूटीएफ-१६ असतं, सुरुवातीला २५५, २५४, आणि स्वल्पविरामाऐवजी टॅब. ते 'यूटीएफ-१६' देऊन वाचा. शेवटी 'एलई' लावलंत तर बॉम पुन्हा मजकुरात राहतो. यूटीएफ-१६ मध्ये मराठीला तीनऐवजी दोनच बाइट लागतात म्हणून ते चांगलं, असा युक्तिवाद मी ऐकलाय. तुमच्या सीएसव्हीतले आकडे, स्वल्पविराम आणि ओळींचे शेवट दुपटीने वाढतात, तो खर्च कोणी धरत नाही.

लिहिताना एक जास्तीचा खड्डा आहे. विंडोजवर 'एन्कोडिंग' न देता लिहायला उघडलेल्या फाइलीत मराठी लिहू गेलात तर एरर येतो. पण 'डब्ल्यू' मोडमध्ये फाइल उघडली त्याच क्षणी जुना मजकूर पुसला गेलेला असतो. एरर आला, नवं लिहिलं गेलं नाही आणि जुनंही गेलं. आधीच असलेल्या फाइलीवर लिहायचं असेल तर शेजारी तात्पुरती फाइल लिहा आणि सगळं सुखरूप झाल्यावर 'ओएस'मधल्या 'रिप्लेस'ने नाव बदला.

आता 'इग्नोर'. हे मी स्वतः केलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची सभासद यादी जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत आणायची होती. जुनी प्रणाली नावाला नेमके ३० बाइट द्यायची आणि पुढचं कापायची. कापताना अक्षर अर्ध्यात तुटतंय का, हे ती बघत नव्हती. मी यूटीएफ-८ दिलं, प्रोग्रॅम पडला, घाईत होतो, 'इग्नोर' दिलं, प्रोग्रॅम चालला. समजा नाव 'सुनंदा कुलकर्णी'. 'सुनंदा' १८ बाइट, मधली जागा १, 'कुल' ९, झाले २८. पुढच्या 'क'चे दोनच बाइट मावतात, तिसरा कापला जातो. 'इग्नोर' ते दोन बाइट फेकून देतं आणि उरतं 'सुनंदा कुल'. कुल हे आडनाव आपल्याकडे आहेच. कोणाला शंका यायचं कारणच नाही. पत्रं वाटायची वेळ आली तेव्हा एक बाई काउंटरवर येऊन म्हणाल्या, "अहो, माझं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, आडनाव आता कोणी बदललं?" मग आम्ही सगळी यादी पुन्हा काढली.

'इग्नोर'च्या जागी 'रिप्लेस' दिलं असतं तर निदान तुटल्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं असतं. काहीच दिलं नसतं, म्हणजे 'स्ट्रिक्ट' राहू दिलं असतं, तर पहिल्याच तुटक्या नावापाशी कळलं असतं की मूळ प्रणालीच नावं कापतेय. माझा आता नियम आहे: माणसांची नावं, पत्ते, रकमा यांच्या फाइलीवर 'स्ट्रिक्ट'. लॉग वाचताना 'बॅकस्लॅशरिप्लेस', म्हणजे न उलगडलेला बाइट आकड्याच्या रूपात तरी दिसतो. एखाद्या फाइलीत दोनच शब्द बदलायचेत आणि बाकीचे बाइट, कसलेही असोत, जसेच्या तसे परत लिहायचेत, तेव्हा 'सरोगेटएस्केप'. तेच वाचताना आणि तेच लिहिताना दिलं तर न कळलेले बाइट जसे आले तसे परत जातात. 'इग्नोर'साठी माझ्याकडे आजवर एकही चांगलं उदाहरण जमलेलं नाही.

अर्ध्यात तुटणं तुमच्या स्वतःच्या कोडमध्येही होतं. मोठी फाइल बायनरी मोडमध्ये, म्हणजे न उलगडता नुसते बाइट, १०२४ बाइटच्या तुकड्यांनी वाचायची आणि प्रत्येक तुकडा 'डीकोड' करायचा, असा कोड मी दर काही महिन्यांनी कोणाच्या तरी प्रकल्पात बघतो. १०२४ ला तीनने भाग जात नाही, एक उरतो. इंग्रजी मजकुरावर हा कोड वर्षानुवर्षं चालतो, सलग मराठी मजकुराच्या पहिल्याच तुकड्यावर पडतो. बायनरी प्रवाहाभोवती 'आयओ'मधलं 'टेक्स्टआयओरॅपर' गुंडाळा. अपुरे बाइट हाताशी धरून पुढच्या तुकड्याला जोडणं ते स्वतः करतं. नेटवर्कवरून किंवा झिपच्या आतून येणारी फाइलही अशीच वाचा.

पडद्यावर छापणं हाही एक प्रवाहच, आणि तिथे एक फसगत ठरलेली. पायथन ३.६ पासून विंडोजच्या कमांड खिडकीत मराठी एरर न येता छापलं जातं. पण तेच आउटपुट 'मोठं-चिन्ह' देऊन फाइलीत वळवलं की पायथन पुन्हा सीपी-१२५२ कडे जातो आणि पडतो. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'सिस'मधल्या 'एसटीडीआउट'वर 'रीकॉन्फिगर' करून एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, ही सोय ३.७ पासून आहे. आणि त्यातही विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ असेल तर वळवलेली फाइल ते स्वतः यूटीएफ-१६ मध्ये लिहितं, तेव्हा तिथे वळवण्यापेक्षा प्रोग्रॅममधूनच फाइल लिहा.

हे सगळं करूनही काही फाइली दाद देत नाहीत. फाइल यूटीएफ-८ ने निमूट उघडते, एरर नाही, तिरका ए नाही, पण मजकूर म्हणून रोमन अक्षरांची भेळ. 'मराठी'च्या जागी लहान ई, जे, के, मग मोठा बी आणि लहान एच. ही कृतिदेव. डीटीपीच्या काळातले कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसवायचे. संगणकाच्या दृष्टीने फाइलीत रोमन मजकूरच आहे, मराठी फक्त फॉन्टच्या चित्रात होतं. त्यामुळे 'एन्कोडिंग'चा कोणताही पर्याय इथे लागू पडत नाही, त्या त्या फॉन्टचं कन्व्हर्टर लागतं. तेही ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागा हलवताना चुकतं, कारण फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. एकदा बदलून झाल्यावर माणसाच्या डोळ्यांखालून घालावंच लागतं. जुन्या सरकारी प्रणालीतून इस्की, म्हणजे १९९१ चं भारतीय मानक १३१९४, यातली फाइल आली तर ते मात्र खरं एन्कोडिंग आहे. पायथनबरोबर त्याचं कोडेक येत नाही. जावामध्ये आहे, विंडोजमध्ये कोडपेज ५७००२ म्हणून आहे.

एन्कोडिंग बरोबर असूनही शोध लागत नसेल तर 'ऱ्य' बघा. 'दुसऱ्या' हा शब्द नुक्त्याच्या ऱ ने लिहिता येतो आणि साधा र, हलन्त व न दिसणारा जोडक यांनीही. दिसायला एकच, बाइट वेगळे. 'युनिकोडडेटा'चं 'नॉर्मलाइझ' या दोघांना एक करत नाही, तो बदल स्वतः लिहावा लागतो.

'एन्कोडिंग' लिहायला विसरलेल्या जागा शोधायच्या असतील तर ३.१० पासून 'वॉर्न डीफॉल्ट एन्कोडिंग' हा '-एक्स' पर्याय आहे. तो अशा प्रत्येक जागी इशारा देतो. दुसऱ्याचा कोड बदलता येत नसेल तर 'पायथनयूटीएफ८' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, म्हणजे विंडोजवरही सगळं यूटीएफ-८ धरलं जातं. जावाने २०२२ च्या मार्चमध्ये, आवृत्ती १८ पासून, डीफॉल्ट यूटीएफ-८ केलंच. पायथनमध्ये ते ३.१५ पासून करायचं ठरलंय. तरीही लिहा. तुमचा कोड ज्या यंत्रावर चालणार आहे तिथे पायथन ३.८ निघतो, हा माझा अनुभव.

तुमच्या फाइलीचं म्हणाल तर आधी ती 'आरबी' या बायनरी मोडमध्ये उघडून पहिले वीस बाइट आकड्यांत छापा. २३९ ने सुरुवात झाली तर 'यूटीएफ-८-सिग'. २५५, २५४ असेल तर 'यूटीएफ-१६'. दर तीन बाइटांनी २२४ येत असेल तर साधं 'यूटीएफ-८'. सगळे आकडे १२८ च्या खाली असतील आणि ६३ च ६३ दिसत असतील, तर कोड बंद करा आणि फाइल पाठवणाऱ्याला फोन लावा.